पिग्मी माझी, कर्ज तुझं

शिरोली,
१० जून २०२४

तम्मा,

फोन उचलत न्हाईस, म्हणून हा कागद. पत्ता सौंदर्यानं दिला. लेकीवर डाफरू नकोस, तिनं आपणहून दिला न्हाय, मी तिला रडवून काढून घेतलाय. हुबळीत मेहुण्याच्या घरी वरच्या खोलीत राहतोयस म्हणं. राहा की. कोण नको म्हणतंय. पर माणसानं सांगून जावं. अव्वा गेली तवा तू एवढासा होतास, शेजारच्या घरात खेळायला जातानासुद्धा मला सांगून जायचास.

मी आठवी शिकलेली बाई. शाळेतलं मराठी आता येत न्हाय, बोलते तसं लिहिते.

मी रागावले न्हाय. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तू पत्र फाडायचा न्हाईस.

परवा पतसंस्थेतनं नोटिसा आल्या. एक तुझ्या नावाची, एक माझ्या. तुझी तुझ्या कारखान्याच्या शेडच्या दाराला चिकटवली. माझी पोस्टमननं खानावळीत भर पंगतीत आणून दिली, जेवणारी सगळी माणसं बघत होती. दिवाळीपासून तू हप्ता भरला न्हाईस असं त्यात लिहिलंय. हे मला नोटिशीतनं कळावं व्हय? होळीला घरी आलास तवा "धंदा झकास चाललाय अक्का" म्हणालास आणि पुरणपोळ्या मागून मागून खाल्ल्यास. मी आपली खुळी, तूप वाढत बसले.

आता नीट ऐक. खानावळीचा गाळा मालक, कृष्णात, विकायला काढतोय. इतकी वर्षं मी त्याला भाडं भरलंय, तवा पहिला हक्क तुमचा असं त्यानं स्वतः येऊन सांगितलं. दसऱ्याला इसार द्या म्हणाला, उरलेलं बँकेचं कर्ज काढून द्या. इसार कुठनं द्यायचा ते तुला माहीत हाय. माझी पिग्मी सप्टेंबरात सुटती. रोजचे दोनशे पतसंस्थेच्या बाळासोच्या हातावर ठेवत आले, करोनात पंगत बंद होती तवा डबे करून ठेवले, पर चुकवले न्हाईत. तुझ्या दाजींनी सगळा जन्म फौंड्रीत घातला आणि तिथनं खोकला घेऊन घरी आले. आमच्या म्हातारपणाला हा गाळा सोडला तर दुसरं काय न्हाय. तो हातचा जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं हाय.

तर तू हप्ता सुरू कर. जमत नसलं तर येऊन मॅनेजरपुढं बस, मी संगं येते. जामीन मी असले तरी कर्ज तुझं हाय.

जेवणाचे हाल तर होत न्हाईत न्हवं? अव्वा दारातनंच विचारायची, "ऊटा आतेन?", तसं विचारते, जेवलास का? दाजींनी आशीर्वाद सांगितलाय. विद्याश्रीला आणि पोरीला माझा शरणार्थ सांग.

अक्का


६ जुलै

तम्मा,

उत्तर न्हाय. पत्र माघारी पण आलं न्हाय, म्हणजे तुला पोचलंय.

काल पतसंस्थेत गेलते. मॅनेजर नवीन हाय, मिसरूड फुटल्यागत दिसतोय, पर बोलायला गोड. "बसा मावशी, चहा घ्या." मी म्हणाले चहा मी दिवसाला शंभर माणसांना पाजते, तू माझ्या भावाला पकड. तर म्हणतो, "मावशी, आमच्या लेखी कर्जदार आणि जामीनदार दोघं सारखेच. जो सापडंल त्याच्याकडनं वसूल."

मी विचारलं, म्हणजे पळून गेला तो सुटला आणि मी इथं भाकऱ्या थापत बसले म्हणून सापडले? त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "तसंच म्हणा." खोटं बोलला न्हाय, त्याचं एक बरं वाटलं.

मग पिग्मीचं निघालं. कर्ज थकलं तर जामीनदाराची ठेव कर्जात वळती करून घ्यायचा संस्थेला अधिकार हाय म्हणं. मी सही केली त्या कागदावर ते लिहिलंय, बोट ठेवून दाखवलं त्यानं. मी म्हणाले, "पिग्मी माझी, कर्ज त्याचं, दोन्ही एका पातेल्यात कशी घालता?" तर म्हणाला, "दोन्ही एकाच संस्थेत हाय न्हवं मावशी." मी त्याला विचारलं, तू तरी हा कागद पहिल्या ओळीपासनं शेवटच्या ओळीपर्यंत कवा वाचलायस का? तो हसला. मला काय हसू आलं न्हाय.

सही कशी झालती, आठवतंय तुला? बाराचा टाइम. पहिल्या पाळीची माणसं हात धुवून ओळीनं बसलेली, माझे दोन्ही हात पिठात. बाळासो पिग्मीचं कार्ड घेऊन आला आणि त्याच्या मागनं तू. "अक्का, संस्थेला दुसरा कोण चालंना. तुझीच सही पाहिजे म्हणतात." काय सांगू तम्मा, मला लई बरं वाटलं. आठवी शिकलेली, दिवसभर तव्यापुढं बसणारी मी, आणि माझ्या सहीवर दोन लेथ मशिनी येणार. फडक्याला हात पुसून सह्या केल्या आणि पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, बघा, माझी सही चालती. दाजी तिकडं कांदा चिरत होते. ते एवढंच म्हणाले, "वाचलीस का?" मी त्यांनाच गप बसवलं.

आता कळलं सही का चालत होती ते. त्यांना माझ्या मागं पिग्मी दिसत होती. तीच पिग्मी दुसऱ्या कुठल्या संस्थेत ठेवली असती तर एवढ्या सहज त्यांच्या हाताला लागली नसती. पर बाळासो रोज दारात येतोय, घरच्यासारखा माणूस, तवा मी दुसरीकडं कशाला जाऊ?

आज सकाळी तो नेहमीसारखा आला. मी विचारलं, तुला हे माहीत होतं? "माहीत होतं अक्का. पर तुमचा भाऊ प्रभू पळून जाईल असं वाटलं न्हवतं," म्हणाला. त्याला काय बोलायचं? ते तर मलाबी वाटलं न्हवतं. माझा हात सवयीनं गल्ल्याकडं गेला, तो मी मागं घेतला. म्हणाले, आजपासनं बंद. चहा पिऊन जा.

गेल्या पत्रात रागावले न्हाय असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. तवाबी रागावले होते आणि आज तर लईच हाय.

अक्का


२२ ऑगस्ट

तम्मा,

तुझ्या दोन्ही मशिनी आज संस्थेनं क्रेन लावून नेल्या. मी बघायला गेलते. का गेलते ते विचारू नकोस. मोठ्या मशीनच्या तोंडाशी गेल्या दसऱ्याला तू ओढलेली विभूतीची तीन बोटं अजून दिसत होती. ती मी पदरानं पुसली. भंगारवाल्याच्या ट्रकात ती तशी जायला नको वाटली.

मशिनी विकून येतील तेवढे पैसे तुझ्या कर्जातनं कमी होतील. उरलं की माझ्या पिग्मीचा नंबर. मॅनेजर म्हणतोय एक हप्ता जरी आला तरी मी वरती सांगून थांबवतो. एकच हप्ता, तम्मा. मेहुण्याकडनं घे, कुणाच्या पाया पडून घे. मी तुझ्याकडं आजवर कवा काय मागितलंय?

अक्का


१८ सप्टेंबर

तम्मा,

पिग्मी गेली.

सोमवारी मुदत संपली म्हणून कार्ड घेऊन गेलते. चांगलं लुगडं नेसून गेलते, त्याचं मला आता हसू येतंय. मॅनेजरनं कार्ड घेतलं, मशीनवर बघितलं आणि एक चिठ्ठी दिली. जमा सगळी कर्जखात्यात वळती. खाली शून्य. आणि एवढं करूनसुद्धा तुझी लाखभर बाकी उभीच हाय, व्याजासकट वाढत.

चिठ्ठी पदराला बांधली. बाहेर येऊन रसवंतीच्या बाकड्यावर बसले आणि रडले. रसवंतीवाल्यानं न मागता ग्लास आणून दिला आणि पैसे घेतले न्हाईत. असं परक्यानं रस पाजावं आणि पाठच्या भावानं तोंड दाखवू नये, हे मला सोसत न्हाय तम्मा. तुला मी कडेवर घेऊन वाढवलंय. अव्वाच्या माघारी तुला ताप आला की रात्र रात्र मांडीवर घेऊन बसत होते आणि माझं लग्न त्यापायी दोन वर्षं लांबलं. हे मी कवा बोलून दाखवलं न्हाय. आज दाखवते.

जेवायला एक वकिलाचा कारकून येतोय. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणतो, काकी, जामीनदारानं भरलेले पैसे कर्जदाराकडनं वसूल करता येतात, भावावर दावा लावा, कायदा तुमच्या बाजूनं हाय. मी म्हणाले बघते. दावा लावायचा म्हणजे कागदावर वर माझं नाव, खाली तुझं आणि मधी "विरुद्ध". लावीन का न्हाय ते आज मला सांगता येत न्हाय. तू पण मनात धरून चालू नकोस, की अक्का काय करणार न्हाय.

ह्यांना अजून सांगितलं न्हाय. रोज संध्याकाळी विचारतात, "सुटली का पिग्मी?" मी म्हणते, सही व्हायची राहिलीय, पुढच्या आठवड्यात. खोटं बोलताना पीठ मळत बसते, म्हणजे तोंड वर करायला लागत न्हाय.

अक्का


११ नोव्हेंबर

तम्मा,

गाळा गेला. कृष्णातनं टायरवाल्याला दिला. त्याला मी दोष देत न्हाय. दसरा होऊनसुद्धा आठ दिवस तो माझ्यासाठी थांबला. मी बँकेत पण जाऊन आले, म्हटलं इसाराचं बघू कुठनं तरी, आधी कर्ज तरी मंजूर होतंय का बघू. साहेबानं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, तुमचं सिबिल खराब हाय. मी म्हणाले, मी उभ्या जन्मात एक रुपया कर्ज काढलं न्हाय, खराब कसं होईल? तर म्हणाला, जामीन राहिलेलं कर्ज थकलंय, ते तुमच्या नावावर दिसतंय. म्हणजे पिग्मी वाचली असती तरी गाळा मिळत न्हवता. हे कळल्यावर का कुणास ठाऊक, मी जरा शांत झाले.

घरी आले आणि ह्यांना सांगायला बसले. कसं सांगायचं ते वाटेनं जुळवत आलते. मी तोंड उघडायच्या आधीच हे म्हणाले, "पिग्मीचं ना? बाळासोनं मला तवाच सांगितलंय." म्हणजे महिनाभर हा माणूस माहीत असून रोज मला विचारत होता, सुटली का म्हणून. मी म्हणाले, काय हो, माझी मजा बघत होता? तर म्हणतात, "तू आपणहून सांगशील म्हणून वाट बघत होतो. न्हायतर तुझी जीभ कवा गप राहती का?" खोकत खोकत हसले. मला आधी राग आला, मग मीबी हसले. लई दिवसांनी.

आता जे लिहिते ते बसून वाच. ह्यांनी मला न सांगता एक काम केलंय. मशिनी नेल्यापासनं तुझी शेड रिकामी पडलीय. शेडचे मालक भाडेकरू बघत होते, तुझी अनामत त्यांनी थकलेल्या भाड्यात धरून संपवलीय. दाजी चालत चालत त्यांच्याकडं गेले आणि विचारून आले, खानावळीला देता का. मालक म्हणाले, शंभर माणूस जेवतंय तिथं मी पण जेवीन, घ्या की. आणि भाडं कृष्णातपेक्षा कमी.

तर खानावळ आता तुझ्या शेडमधी हाय.

मी पहिल्या दिवशी दारातच थांबले. मग लुगडं खोचलं आणि आत गेले. फरशीवर तेल मुरलेलं, कोपऱ्याकोपऱ्यातनं लोखंडाचा कीस. सोडा टाकून, लाकडाचा भुसा पसरून घासलं तरी काळं ते काळंच. कीस तर अजून निघतोय, परवा ह्यांच्या पायात घुसला. मोठी मशीन होती तिथं शेगडी मांडलीय, कारण वरती धूर जायला पंखा तू बसवून ठेवला होतास. लहान मशीनच्या जागी पाण्याची टाकी. पहिल्या आठवड्यात निम्मी माणसं आली न्हाईत, त्यांना सापडंना. आता येतात. भाकरी, आमटी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक, तेच सगळं.

तुला वाटंल अक्काचं भागलं. भागलं न्हाय. स्वतःची जागा होणार होती ती झाली न्हाय. परत भाडोत्रीच हाय आणि हात चालतात तोवर हाय. ह्यांना आता ओझं उचलवत न्हाय. मला पण भाकरी थापताना मनगट दुखतंय. पुढं काय, हे आम्ही दोघं एकमेकांना विचारत न्हाय.

दावा लावला न्हाय. अजून तरी.

अक्का


२५ नोव्हेंबर

तम्मा,

तुझं पत्र आलं. इतक्या महिन्यांनी तुझं अक्षर बघितलं आणि वाचायच्या आधी डोळ्याला लावलं, हे तुला सांगायला मला लाज वाटत न्हाय. चष्मा सापडंना, म्हणून ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझ्या दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी पैसे बुडवले, तू मेहुण्याच्या दुकानात हिशोब बघतोयस, विद्याश्री बोलत न्हाय, रात्री झोप लागत न्हाय, हे सगळं ऐकताना मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. हे तू होळीच्या दिवशी ताटावर बसून सांगितलं असतंस, तर आपण दोघांनी मिळून काय तरी केलं असतं.

मग शेवटचं पान आलं. ते ह्यांनी जरा हळू वाचलं.

संस्थेनं तुला सांगितलंय, उरलेली बाकी नव्या कर्जात घालून नवंजुनं करून देतो, वरती जुन्या एका मशीनपुरते पैसे पण देतो. तू परत येणार, शेडमधी मशीन बसवणार, सहा महिन्यांत सगळ्यांचं फेडणार. त्याला दोनच गोष्टी लागतात, म्हणतोस. अक्कानं शेड रिकामी करून द्यायची आणि एक शेवटची सही द्यायची.

बाळासो त्याच दिवशी फॉर्म घेऊन आला. फुल्या मारून आणल्या होत्या, कुठं कुठं सही करायची तिथं. ह्यांनी विचारलं, काय करणार? मी म्हणाले, तुम्ही सांगा. तर म्हणाले, "भाऊ तुझा हाय, मनगट पण तुझंच हाय. मी कांदा चिरतो."

तीन दिवस फॉर्म डब्यांच्या फळीवर होता. एकदा पेन पण हातात घेतला होता, खोटं कशाला सांगू. तू परत येतोयस, याच दारातनं आत येणार, अक्का म्हणून हाक मारणार, असं डोळ्यापुढं आलं की माझा हात आपोआप चालायला लागतो. तू मागितलंस आणि मी दिलं न्हाय असं आजवर झालेलंच न्हाय. पर यावेळी फॉर्म मी वाचला. पहिल्यापासनं शेवटपर्यंत, ह्यांच्या चष्म्यातनं, दुपारची पंगत उठल्यावर. अडलं तिथं त्या कारकुनाला विचारलं. त्यात लिहिलंय की तू भरला न्हाईस तर मी भरायचं, तू नसलास तर मी असायचं, आणि माझं जे जे काय असंल ते सगळं त्यांचं. आता माझ्याकडं काय हाय? शेगडी, पातेली आणि ही दोन माणसं. ती मी लिहून देऊ व्हय?

तू फेडणार न्हाईस असं मी म्हणत न्हाय. तुझ्या मनात हाय फेडायचं, ते मला पत्रातनं दिसतंय. गेल्या खेपेलाबी होतं की. पर गिऱ्हाइकानं परत बुडवलं तर तू पुन्हा हुबळीला जाणार आणि मी पुन्हा इथंच सापडणार. हे आता मला झेपायचं न्हाय. आणि शेड मी सोडणार न्हाय. शंभर माणसांची दुपार इथं भागती, आणि आमची दोघांची चूल त्यावर पेटती.

सही द्यायची न्हाय हे एकदा ठरल्यावर मला तुझा राग येईना, हे एक नवल. इतके महिने रात्री मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते, आता भांडायला काय उरलं न्हाय. दावा पण लावणार न्हाय. ह्यांना तसं सांगून टाकलंय.

तर आता माझं म्हणणं ऐक. कंपन्यांना डबे पोचवायला मला माणूस पाहिजे. शिरोलीतली एकेक गल्ली तुझ्या पायाखालची हाय, कुठल्या कंपनीचं गेट कवा उघडतंय ते तुला झोपेत पण सांगता येईल. विद्याश्रीला घेऊन ये. सौंदर्याच्या कॉलेजचं इथं बघू. माझ्या मागच्या खोलीत राहा, तिला भाडं लागत न्हाय. पगार एक तारखेला देईन, दुसऱ्या कुणाला देईन तेवढाच, भाऊ म्हणून जास्त न्हाय आणि कमीबी न्हाय. त्यातनं पहिल्यांदा तुझा हप्ता कापून घेईन आणि संस्थेत जाऊन मी स्वतः भरीन. उरंल ते तुझ्या हातात. मॅनेजरशी बोलून आलेय, असं थोडं थोडं घ्यायला तो तयार हाय. बाकी फिटली की आपल्या दोघांची नावं सुटतील.

तुला हे कमीपणाचं वाटंल. तू मालक होतास, त्याच शेडमधनं डबे घेऊन निघायचं, ओळखीची माणसं बघणार, हसणार. हसू देत चार दिवस. मला पोस्टमननं पंगतीत नोटीस दिली तवा मीबी मान वर करून वाढतच होते.

कबूल असलं तर पत्र पाठवत बसू नकोस, सकाळी सातला येऊन उभा राहा. बाळासोचा फॉर्म मी तसाच माघारी दिलाय. त्यावर सही केली न्हाय, पुढं पण करणार न्हाय. तू आलास तर मात्र आधी ताट वाढीन, मग कामाला लावीन.

अक्का